लाल नळीचा डबा

माझ्या धाकट्या जावेचा मी हेवा केला. चार दिवस नाही, चांगली एकोणीस वर्षं. आता या वयात लपवून कोणाला फसवू?

आमचं घर नागपुरातल्या कोष्ट्यांचं. पुढच्या खोलीत दोन हातमाग आणि घरभर आंबट खळीचा वास. ताण्याचं सूत विणताना तुटू नये म्हणून त्याला आधी तांदळाची खळ लावावी लागते. सकाळी गल्लीत ताणा पसरायचा आणि कुंच्यानं खळ फिरवायची, हे काम माझं. लग्न होऊन आले तेव्हा तो वास अंगाला चिकटला तो चिकटलाच. धाकटी आली कामठीहून. तिचे वडील तिकडे एका दवाखान्यात कंपाउंडर. तिच्या ट्रंकेत गुलाबी साबण होता, पावडर होती, आणि एक पांढरा तामचिनीचा डबा होता. त्याच्या बुडाला लांब लाल रबरी नळी. तो डबा तिनं न्हाणीतल्या खिळ्याला टांगला.

सासूबाईंना तर ती म्हणजे सोन्याची पुतळी वाटायची. "धाकटीच्या जवळ बसलं का कसं गमगम वाटते. नाईतर तू!" असं मला म्हणायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, तिला खळीला हात लावू द्यायच्या नाहीत, मग गमगम नाही तर काय होणार? ती सावलीत बसून सुताच्या कांड्या भरायची आणि मी उन्हात कुंचा ओढायची.

त्यात माझ्या लग्नाला पाच वर्षं होऊन कूस रिकामी. धाकटीला दीड वर्षात मुलगी झाली. बारशाला आलेली एक म्हातारी माझ्यादेखत सासूबाईंना म्हणाली, "थोरल्याला दुसरी करा आता." सासूबाईंनी नाही म्हटलं नाही. त्या दिवसापासून मला रात्रंदिवस एकच घोर लागला. पोर झालं नाही तर या घरात माझ्यासाठी जागा उरणार नव्हती.

एकदा मी उगीच विचारल्यासारखं विचारलं, "काहून वं, तो डबा कशाचा?"

ती लाजलीसुद्धा नाही. "पाळी सरली का आतून धुवाचं बाई. कोमट पाणी अन् दवाईचे दोन थेंब. मायनं शिकवलं. तुमाले पाह्यजे त घ्या ना!"

मला ते झोंबलं. मी घाणेरडी आहे असं सुचवते की काय ही? नको म्हणाले. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. आम्ही सुतातली माणसं. कोरं सूत सोड्याच्या पाण्यात उकळून धुतल्याशिवाय रंग धरत नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मला वाटलं, हिचं पटकन राहिलं ते यामुळेच. आपलं अंग कोऱ्या सुतासारखं आहे, धुतलंच नाही तर धरेल कसं?

मग दुपारी सगळे मागावर बसले की मी न्हाणीची कडी लावून तिचाच डबा वापरायची. तिच्या दोन थेंबांच्या जागी मी चार टाकले. वर चिमूटभर सोडा. आग व्हायची. ती सोसत मी म्हणायची, मळ निघतो आहे. पंधरा दिवसांत वास जायच्या ऐवजी वाढला, अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोटात कळा आणि संध्याकाळी ताप. तरी मी आणखी धुतलं. वास येतो म्हणून धुवायचं, आणि धुतलं की वास वाढायचा.

माझा ताप ओळखला तो धाकटीनं. सासूबाईंना काही न सांगता तिनं सायकलरिक्षा बोलावली आणि मला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाहेर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेल्या भिंतीला टेकून एक बाकडं होतं. पोरीला मांडीवर घेऊन ती तिथं बसली आणि मी आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आत काय घालतेस ते विचारलं. मी सांगितलं. सोड्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"विणकराची सून ना तू? ताण्याला खळ का लावता?"

"सूत तुटू नये म्हून."

"मग माग चालू असताना ती खळ धुऊन काढता का?"

मला हसू आलं. असं कोणी येडंही करणार नाही.

"तू तेच करते आहेस," त्या म्हणाल्या. आतली जागा स्वतःचं रक्षण स्वतः करते, तिथला ओलावा घाण नव्हे. तो धुऊन टाकला की वाईट जंतूंना मोकळं रान मिळतं, आणि नळीचं पाणी त्यांना वर गर्भाच्या पिशवीपर्यंत ढकलतं. ताप त्याचाच. असंच चालू राहिलं तर पिशवीच्या बाजूच्या नळ्या खराब होतात, मूल राहत नाही, किंवा नळीतच अडकतं आणि बाईच्या जिवावर बेततं. "दवाई असो की नुसतं पाणी, आत काही घालायचं नाही. बाहेरून साध्या पाण्यानं धू, पुरे. वास आला, खाज आली, तर सरळ माझ्याकडे ये." गोळ्या लिहून देता देता त्या म्हणाल्या, "वेळेवर आलीस. घरात आणखी कोणी बाई हे करत असेल तर तिलाही सांग."

मी बाहेर आले. धाकटी उठून उभी राहिली. पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती, लाळेनं तिचा पदर भिजला होता. त्या भिजलेल्या पदराकडे मी पाहिलं.

"काय म्हणे डॉक्टरीणबाई?"

"काही नाई वं. गोळ्या देल्ल्या."

बस्, एवढंच बोलले. रिक्षात तिनं पुन्हा विचारलं नाही, माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. तो हातही मला खुपला. तिचं वाटोळं व्हावं असं मला वाटत नव्हतं हो. तिचं माझ्याइतकंच व्हावं, एवढंच वाटत होतं. तिला एक आहे, दुसरं कशाला? धूत बैस म्हणावं.

पुढे एकदा जिभेच्या टोकावर आलं होतं. कांड्या भरत दोघीच बसलो होतो. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि मागावरून नुकतीच उतरलेली हिरव्या काठाची साडी तिच्या मांडीवर टाकली. त्या ताण्याला खळ मी लावली होती. हाताला भेगा माझ्या पडल्या होत्या. मी मूग गिळून बसले.

गोळ्यांनी मी बरी झाले. दोन वर्षांनी मला मुलगा झाला. आता तरी सांगायचं ना? पण आता म्हणायचं तरी कसं, की दोन वर्षं मला ठाऊक होतं? शिवाय पोटातली आग पोर झाल्यानं विझली नव्हती. माझा मुलगा सावळा, किरकिऱ्या, आणि तिची पोरगी गोरीपान. सासूबाईंची मांडी तिचीच.

माझ्या त्या दवाखान्याच्या फेरीनंतर चौथ्या वर्षी, विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यापाशी धाकटी पोट धरून कोसळली. मोठ्या दवाखान्यात नेलं. गर्भ नळीत अडकून नळी फुटली होती. जीव वाचला, पण दुसरीही नळी जुन्या सुजेनं बंद झाली आहे, आता मूल होणं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. जुनी सूज हे शब्द ऐकून मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. डब्यामुळेच झालं का, ते मला कळायला मार्ग नाही. दुसऱ्या कशानंही झालं असेल. पण नाहीच झालं, असं मी स्वतःला कधी पटवू शकले नाही.

घरी येऊन मी काय केलं? लाल नळी कापून चुलीत घातली. उंदरांनी नेली म्हणाले. महिन्याभरात तिच्या वडिलांनी कामठीहून नवी पाठवली.

माझा हेवा मात्र तेव्हापासून लंगडा झाला. तिच्या कपाटातली ती हिरवी साडी पाहिली की अजून जळायचं, आणि जळलं की स्वतःचीच चीड यायची.

हातमाग गेले, सासूबाई गेल्या. तिच्या पोरीचं लग्न ठरलं. रामटेकला रामापुढे पहिली पत्रिका ठेवून आल्यावर आम्ही तिघी ट्रंक भरायला बसलो. धाकटीनं न्हाणीतून डबा आणला. तामचिनीचे टवके उडाले होते. तिनं तो पदरानं पुसला आणि साड्यांच्या मध्ये ठेवला.

"मायनं मले देल्ला, मी तुले देऊन राहिली," ती पोरीला म्हणाली.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. आईच्या खांद्यावर लाळ गाळत झोपलेली ती हीच. मी डबा उचलून बाहेर काढला आणि जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. खळीचं, जंतूंचं, पिशवीचं, नळीत अडकण्याचं. एक शब्द विसरले नव्हते. पोरगी ऐकत होती. धाकटीचे हात साडीच्या घडीवर तसेच राहिले.

"हे तुमाले कोणं सांगतलं बाई?"

"त्या डॉक्टरणीनं."

"कवा?"

"तू बाहेर बाकड्यावर बसली होती तवा."

तिनं पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भांडली असती, झिंज्या उपटल्या असत्या, तर मी उपकार मानले असते.

"मी विचारलं होतं तुमाले," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमाले लाज वाटून राहिली. म्हून दुसऱ्यांदा नाई विचारलं."