कर्ण्याच्या पेटीतली फ्लॉपी

फ्लॉपी ठेवावी तर लोखंडी पेटीत, प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नये, असं माझं ठाम मत होतं. तो धुरकट झाकणाचा, कुलूपवाला डबा म्हणजे निव्वळ दिखावा. त्याचं कुलूप टाचणीनं उघडतं. परभणीच्या उन्हाळ्यात झाकण वाकतं, आणि एकदा वाकलं की मातीला रान मोकळं. हे मी भेटेल त्याला सांगत असे, त्यानं विचारलेलं असो वा नसो. पत्रकं लिहून माझी बोलण्याची रीतच तशी झाली होती. पहिल्या ओळीत ठराव, दुसऱ्या ओळीत निषेध.

मतं आणखीही होती. स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा लागला म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नये. लेबलवर आधी लिहावं, मग ते फ्लॉपीला चिकटवावं. चिकटवल्यावर बॉलपेननं लिहिणारा माणूस मजकुराचा खून करतो. फ्लॉपी तेव्हा पातळ, चौकोनी, हातात वाकणारी असे; तिच्या मधल्या फटीतून दिसणाऱ्या काळ्या चकतीला बोट लावू नये, मजकूर तिच्यावरच असतो. दोन हलक्या फ्लॉप्या घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीची एक घ्यावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फ्लॉपीच्या जवळ चुंबक येऊ देऊ नये. हे शेवटचं तर मी खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

ती भिंत टायपिंग इन्स्टिट्यूटची. मी तिथं परीक्षेसाठी टायपिंग शिकायला गेलो आणि शिकून झाल्यावरही जात राहिलो, कारण सरांनी एक कॉम्प्युटर आणला होता. मराठी अक्षरांसाठी आत वेगळं कार्ड बसवलेला. मागच्या खोलीत पडदा, कूलर, मशीनवर रेक्झिनचं आवरण, दाराशी पाटी: चपला बाहेर काढाव्यात. माझा आजा जन्मभर देवळाच्या बाहेर उभा राहिला. मी बाबासाहेबांचं नाव घेणारा, विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यात पुढं चालणारा, आणि रोज मुकाट चपला काढून त्या खोलीत शिरत होतो. याचा मला राग यायचा. तरी काढायचो. मशीन लय आवडायचं.

मशीन पुसायचं, सरांची मराठी पत्रं टाइप करायची, बदल्यात दुपारी तासभर मशीन माझं, असा आमचा ठराव होता. सरांची एकच अट होती, आतल्या हार्ड डिस्कवर माझं काही ठेवायचं नाही.

"नेते," सर म्हणायचे, "तुमचं आंदोलन तुमच्या फ्लॉपीत. माझ्या मशीनच्या पोटात नको. उद्या पोलीस मशीनच उचलून नेतील, मग मी काय पाटीवर शिकवू?"

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या कचेरीवर, म्हणजे वस्तीतल्या एका खोलीवर, पोलीस दोनदा आले होते. पत्रकं नेली, वह्या नेल्या, स्टेन्सिलसुद्धा नेली. एक वस्तू मात्र दोन्ही वेळा जागची हलली नाही. ती म्हणजे कर्ण्याची पेटी. सभेचा लाउडस्पीकर, त्याचा अँप्लिफायर आणि वायरी ठेवायची हिरवी पत्र्याची पेटी. झाकणाच्या आतून कर्ण्याच्या परवानगीचा कागद चिकटवलेला होता, सही-शिक्क्यासकट. जमादारानं झाकण उघडलं, शिक्का पाहिला आणि लावून टाकलं. तेव्हापासून आमच्यात रीतच पडली. जपायचं असेल ते कर्ण्याच्या पेटीत. पावत्या, पत्ते, कुणाचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र, सगळं तिथंच.

त्या उन्हाळ्यात खबर आली की नामांतरावरून आमच्या वस्त्या जाळल्या होत्या, त्या पेटापेटीच्या जुन्या प्रकरणांची चौकशी करायला एक साहेब येणार आहे. ज्याला सांगायचंय त्यानं लेखी जबानी आधी द्यायची. आम्ही गावोगाव फिरून जबान्या हातानं लिहून आणल्या. मी त्या दुपारी मशीनवर टाइप करायचो. प्रिंटरची रिबन संपत आली होती, छापलं तर अक्षर राखेसारखं उमटायचं. नवी रिबन आली की सगळं एकदम छापू, असं सर म्हणाले.

एक जबानी मात्र हातानं लिहिलेली नव्हती.

चुडाव्याच्या स्टेशनवर उतरून पायी जावं लागतं अशा एका गावातली मावशी होती. मावशी म्हणजे सगळ्यांचीच मावशी. पहिल्या पेटापेटीत तिचं घर जळलं. नवरा त्यानंतर खचला आणि दोन-अडीच वर्षांत गेला. पंचनाम्यात लिहिलं होतं: चुलीतील ठिणगीने आग लागली. म्हणजे घर तिनंच जाळलं. तिला भरपाई नको होती, कुणाला फाशी नको होती. तिला एवढंच हवं होतं, की तिच्या चुलीत त्या दिवशी विस्तव नव्हता हे सरकारी कागदावर यावं.

आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा ती काही बोलली नाही. दारात चार बाया, ओट्यावर दोन म्हातारे. ती म्हणाली, "परभणीला येते. तिथं सांगते."

आली ती पॅसेंजरनं, एकटीच. इन्स्टिट्यूटच्या दारात तिनंही चपला काढल्या, मी नको म्हणत असताना. मागच्या खोलीत खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. बराच वेळ मशीनकडं बघत राहिली.

"हे कुणाला सांगत न्हाई ना?"

"नाही मावशी. यातून कागद निघतो. तो साहेब एकटा वाचतो."

"गावातले न्हाई वाचत?"

"नाही."

"मग लिही."

ती बोलत गेली, मी टाइप करत गेलो. चांगला तासभर. टायपिंग शिकलेल्याला हे लगेच कळेल. आम्हाला शिकवतातच मुळी मजकूर न वाचता बडवायला. कानातून आलं ते बोटांतून गेलं पाहिजे, मधे डोकं आलं की चूक झाली. मी एकही चूक केली नाही. मधेच तिनं पदर तोंडाला लावला, आवाज अगदी बारीक झाला, तेव्हा मी ड्राइव्हच्या लाल दिव्याकडं बघत होतो, साठवलं जातंय की नाही ते. तिचं बोलणं संपलं तेव्हा मला अभिमान वाटला तो या गोष्टीचा, की सगळं एकाच फ्लॉपीत बसलं.

ती उठली. "झालं?"

"झालं."

"आता परत न्हाई सांगायचं ना कुणाला?"

"कशाला? यात राहिलं ना."

फ्लॉपी कागदी पाकिटात घातली, लेबलवर आधीच लिहून ठेवलं होतं, आणि कचेरीत जाऊन ती कर्ण्याच्या पेटीत ठेवली. प्लास्टिकच्या डब्यात नाही. लोखंडी पेटीत.

कर्ण्याच्या मागं डबा असतो, त्याला युनिट म्हणतात. त्याच्यात मुठीएवढं चुंबक असतं. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सभेत पत्रकं लावायच्या टाचण्या हरवू नयेत म्हणून आम्ही त्या युनिटलाच चिकटवून ठेवायचो. मीच ठेवायचो. फ्लॉपी ठेवली त्या दिवशीसुद्धा त्याच्यावर टाचण्यांचा झुपका होता, आणि मी तो हातानं बाजूला करून पाकिटाला जागा केली. डोक्यात हीच पेटी म्हणजे पोलिसांपासून राखलेली जागा होती. दुसरा कसला धोका तिथं असेल, हे मनात आलंच नाही. त्या आठवड्यात दोन सभा झाल्या. दोन्ही वेळा पेटी टेम्पोत हिंदकळत गेली नि आली.

रिबन आली. मी फ्लॉपी घातली. ड्राइव्ह खरखरला, थांबला, पुन्हा खरखरला. पडद्यावर तीन शब्द आले: अबॉर्ट, रिट्राय, फेल. म्हणजे मशीनला फ्लॉपी वाचता येईना. मी रिट्राय केलं. पुन्हा केलं. किती वेळा केलं ते सांगत नाही.

सरांनी हातातला चहा बाजूला ठेवला. "कुठं ठेवली होती?"

मी सांगितलं.

त्यांनी नुसतं भिंतीवरच्या माझ्या खडूच्या अक्षरांकडं बघितलं. ते रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

त्यांच्याकडं बिघडलेल्या फ्लॉपीतून मजकूर काढायचा एक प्रोग्राम होता. दुपार गेली त्यात. निघालं ते असं: नाव, गाव, वय, जात, धर्म, पूर्वीचा धर्म. त्यापुढं "माझी चूल त्या दिवशी विझलेली होती, कारण" आणि मग चौकोन, बाण, हसरे तोंडवळे, पानंच्या पानं. सरकारला लागतं तेवढं सगळं शिल्लक होतं. तिला सांगायचं होतं ते गेलं होतं.

त्याच पेटीतल्या बाकीच्या जबान्याही गेल्या होत्या, पण त्या कागदावरून पुन्हा टाइप झाल्या. तिची होईना. मी खोलीत बसून आठवायचा प्रयत्न केला. चूल का विझलेली होती? तासभर ती माझ्यापासून चार हातांवर बसून बोलली होती. प्रत्येक अक्षर माझ्या बोटांतून गेलं होतं. मला चूल आठवत होती, पदर आठवत होता, ड्राइव्हचा दिवा आठवत होता. कारण आठवत नव्हतं.

वही घेऊन चुडाव्याला गेलो. मावशी शेळीला पाला घालत होती. मी आडवळण न घेता सांगून टाकलं, पत्रकात लिहावं तसं. माझी चूक आहे. मजकूर नष्ट झाला आहे. परत सांगावं लागेल.

तिनं हातातला पाला खाली ठेवला. "समदं गेलं?"

"समदं."

"जाळलं कुणी?"

"नाही मावशी. मीच. चुंबकाजवळ ठेवलं."

"चुंबकानं जळतंय ते?"

"जळत नाही. पुसलं जातं."

ती हसली थोडी. "बरं हाय की. आमचं जळायला आग लागती. तुमचं नुस्तंच जातंय."

मी वही उघडली. म्हणालो, आत बसू, दार लावू, मी एकटाच आहे, हळू सांग. मान खाली घालून लिहीन.

"न्हाई."

"अगं पण मावशी, मला तू एकदा सांगितलंयस."

"तुला कुठं सांगितलं? म्या त्या मशीनला सांगितलं. तू तर ऐकायलाच नव्हतास. त्या काचंकडं बगायलतास." तिनं शेळीचं दावं खुंटीला पुन्हा आवळलं, गरज नसताना. "म्हणून तर सांगितलं. आता तू ऐकशील."

मी वही उघडीच ठेवून बसलो.

शेवटी तिनं एक वाक्य दिलं. लिही: त्या दिवशी माझ्या चुलीत विस्तव नव्हता. मी म्हणालो, का नव्हता ते लागेल. ती म्हणाली, "नव्हता म्हन्ते ना. मालकीण म्याच हाय की चुलीची."

साहेब आला, पूर्णेच्या विश्रामगृहात बसला. पुढं टेबल, बाजूला कारकून, आणि भिंतीला लागून गावोगावचे लोक. तिच्या गावचेही होते, पंचनाम्यावर सही केलेल्यांपैकी एक तर अगदी समोर. कारकुनानं तिची जबानी वाचली. वाचायला एक श्वाससुद्धा पुरा लागला नाही.

"एवढंच?" साहेबानं विचारलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, कशावरून विस्तव नव्हता? संध्याकाळची वेळ. घरोघरी चूल पेटलेली असते. तुमचीच का विझलेली?"

मावशीनं समोरच्या रांगेकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "म्या सांगितलंय. लिहून दिलं होतं ह्याच्याकडं."

साहेबानं माझ्याकडं मान वळवली. "मग? कुठाय ते?"

मी उभा राहिलो. फ्लॉपी, चुंबक, पेटी असं काहीतरी सुरू केलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब म्हणाला, "म्हणजे नाही." मग तिच्याकडं वळून, मऊ आवाजात, "तुम्ही आत्ता सांगा ना. तोंडी घेतो."

तिनं पदर तोंडाला लावला. त्या दुपारी लावला होता तसाच. आवाज मात्र आला नाही. साहेब थांबला होता, हे मी मान्य करतो. कारकून थांबला नाही. त्यानं लिहिलं: कारण सांगू इच्छित नाही. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं सरकवला. मावशीनं सही केली. तिला सही येत होती, हे कारकुनाला अपेक्षित नव्हतं.

संध्याकाळी पूर्णा स्टेशनवर चुडाव्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो. फ्लॉपी माझ्या पिशवीत होती, साहेबाला दाखवायला आणलेली. काय दाखवणार होतो कोण जाणे.

"बघू," ती म्हणाली.

मी पाकिटातून काढून दिली. तिनं मधली फट पाहिली, काळ्या चकतीला अंगठा लावून पाहिला.

"ह्याच्यात आजून आसंल का कुटं ते?"

"असेल, मावशी. थोडंफार. पण वाचता येत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"मग माझ्यापाशी राहू दे. माझंच हाय."

मी सांगणार होतो, ऊन लागू देऊ नको, धूळ लागू देऊ नको, वाकवू नको. तोंड उघडलंही होतं. तिनं फ्लॉपी मधोमध दुमडली, पुन्हा एकदा दुमडली, कमरेशी लुगड्याच्या केळात खोचली आणि गाडी आली का ते बघायला उठून रुळांच्या कडेला गेली.