जंताच्या मायले टोचलेली सुई

बायाहो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाई, म्हनून लिहून राह्यली.

माही ननद पुन्याले लॅबमदी काम करते. आज तिनं व्हिडिओ कॉलवर मातीतले बारके जंत दाखवले. काचावानी आरपार, पोटातले अंडे बी दिसत होते. तिनं एका जंताच्या मायले केसाहून बारीक काचेची सुई टोचली. माय जराशी हालली अन् मंग गेली वळवळत, जसं काई झालंच नाई.

"आता हे पाहा वैनी, अशीच सुई टोचलेल्या दुसऱ्या मायचे पिल्लं."

कितीक पिल्लं जाग्यावरच गरगर फिरून राह्यले होते. सरळ चालताच येत नव्हतं त्याईले.

म्या म्हनलं, "अवं, हे काय केलं व?"

"मुद्दामच केलं. सुईतून मायच्या पोटातल्या अंड्याइत नवा गुन सोडतो. पिल्लू गरगर फिरलं का समजते, आतला मूळ गुन बदलला. माय हाय तशीच राह्यते."

"मायले समजते का?"

ननद हासली. "जंत हाय तो वैनी! भेता काऊन? अशाच कामातून उद्या सिकलसेलचा इलाज निघन."

माह्या पोरीले सिकलसेल हाय, मायबापाकून रक्तात उतरलेलं दुखनं. हाडं दुखले का नुसती कन्हते. अन् आता मले पाचवा मैना हाय, पोटातल्याले बी तेच हाय का, ते अजून ठाऊक नाई; तपासनी मेहकरले व्हायची हाय. फोन ठेवला अन् हात आपोआप पोटावर गेला.

बायाहो, लेकराचं दुखनं जाईन, पन लेकरू कसं होईन ते ठाऊक नसन, तं तुमी घेसान का अशी सुई? मले सुईचं भेव नाई. मी 'हाव, टोचा' म्हनीन, याचंच भेव लागून राह्यलं.