जाडजूड लेखक

म्युनिकमधलं आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत माझं होमऑफिस, आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच सासऱ्यांचा मुक्काम होता. सासूबाई वारल्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे आले होते. माझी मीटिंग सुरू झाली की त्यांना हटकून काहीतरी विचारायचं असे. समोरची ट्राम कुठे जाते, इथले लोक पडदे का लावत नाहीत. नवरा सकाळीच ऑफिसला पळायचा, त्यामुळे उत्तरं द्यायला मी एकटीच. मला वैताग आला होता.

ते पट्टीचे वाचक. एकदा म्हणाले, तुला विज्ञानकथा आवडतात ना, मग तुझ्या आवडीचे लेखक सुचव की. मी त्याच संध्याकाळी बिब्लिओथेक, म्हणजे इथली लायब्ररी गाठली आणि इंग्रजी कपाटातून विटेएवढे जाड ग्रंथ लिहिणारे लेखक तेवढे निवडले. त्यातले दोन मी स्वतः अर्ध्यात सोडले होते. माझी खरी लाडकी लेखिका छोट्या, हळव्या कथा लिहिते. तिचं पुस्तक त्यांनी दोन दिवसांत संपवलं असतं आणि परत ट्रामच्या प्रश्नांवर आले असते, म्हणून तिचं नावच काढलं नाही. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा आनंद झाला मला.

घर खरंच शांत झालं. ते शब्दकोश मांडीवर घेऊन नेटाने वाचत बसत. जेवताना म्हणत, त्या कॅप्टनचं पुढे काय होतं ते सांगू नकोस हं. मी काय सांगणार, कपाळ.

ते निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पुस्तकं परत करायला गेलो. तिथल्या मशीनमध्ये एकेक पुस्तक सरकवत ते म्हणाले, "खरं सांगू का, मला यातलं फारसं आवडलं नाही. पण तुझे लेखक म्हणून सगळं वाचलं. तुझी सासू होती तेव्हा तुझं सगळं तिच्याकडून कळायचं. म्हटलं, आता आपणच ओळख करून घ्यायला हवी." मग हसून म्हणाले, "तुला युद्धं एवढी आवडत असतील असं वाटलं नव्हतं गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा, यातलं माझं काहीच नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी नुसती मान डोलावली.

हल्ली पुण्याहून कुणी येणार असलं की बाबा त्यांच्याबरोबर माझ्यासाठी अंतराळातल्या लढायांची पुस्तकं पाठवतात. मी फोन करून फार आवडलं म्हणून सांगते. सांगताना दर वेळी लाज वाटते, आणि तिकडे ते खूश होतात.