आधी मांजराला

नवापूरच्या सुलूने उभ्या जन्मात वास घेतल्याशिवाय काही घेतलं नाही. मासा असो, नोट असो, नाहीतर सोयरीक. बोईसरला टोपली घेऊन बसली की कल्ला उचलून गिऱ्हाइकालाच दाखवायची, "बघून घे, लाल हाय. उद्या बोंबलत येऊ नको." आणि स्वतः भाजी घ्यायला गेली की वांग्यालासुद्धा कल्ला शोधायची. फुकट देणाऱ्यावर तर तिचा भलताच राग. म्हणायची, आमिष फुकट असतं, गळ फुकट नसतो.

तिचा नवरा बन्सी अंगाने दांडगा, भरलं जाळं एकटा ओढणारा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, उरले दोन-तीन शब्द आणि त्यातला एक शिवीचा. पडून पडून पाठ सोलवटली. दवाखान्यातल्या बाईने सांगितलं, कुशीवर वळवत राहा, जखम धुवा, कोरडी ठेवा, नाहीतर हाडापर्यंत जाईल. सांगायला काय लागतं? बन्सीला वळवून धरायला दोन माणसं लागायची आणि पाठ धुवायला तिसरं. पोरगी लांब दिलेली. घरात सुलू एकटी. सुरुवातीला आळीतली माणसं आली. मग एकाची होडी, एकीच्या घरचं लग्न, एकाची कंबर. ओहोटीच्या पाण्यासारखी गेली सगळी, आवाज न करता.

बोईसरमधलं सिस्टरांचं, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचं घर सुलूचं जुनं गिऱ्हाईक. तिथली सिस्टर फिलोमिना वसईची. मासा पारखावा तर तिनेच, आणि भाव करताना सुलूला घाम फोडावा तोही तिनेच. फेब्रुवारीत एके दिवशी सुलू टोपली घेऊन तिथे गेली, तर ती कपाळावर राखेचा डाग घेऊन दारात आली.

"सुलूबाय, आजपासून ईस्टरपर्यंत मासे नकोत. आमचा उपासकाळ लागला."

"घरात कोन गेलं काय? राख कसली ती?"

"कोणी गेलं नाही गं. रीत आहे आमची."

"उपासाला मटन सोडतात. मासे सोडल्याचं कधी ऐकलं नाय."

"मटणाचं मला काय! जे सोडवत नाही तेच सोडायचं ना?"

सुलूने टोपली उचलली. वाटेत तिच्या मनात एकच, ह्या बाईला कोणीतरी पालघरचा स्वस्त मासेवाला भेटलाय.

आणि पुढच्याच गुरुवारी तीच सिस्टर नवापूरला, सुलूच्या ओट्यावर. हातात कापसाची पिशवी. सोबत पास्कल नावाचा उंच गडी, कारखान्यात फिटर, सरावलीत खोली करून राहणारा. त्याच्या हातात स्टीलचा डबा.

"गेले काही महिने तुझी टोपली मधूनमधून चुकत होती, म्हणून बाजारात विचारलं मी," सिस्टर म्हणाली. "तुझ्या माणसाचं कळलं. पाठ धुऊन देतो आम्ही. डब्यात नाचणीची आंबील आहे."

पास्कल बिचारा भोळा. म्हणाला, "आम्ही मासे सोडून जे वाचतं ना, त्यातून करतो हे."

सुलूने कमरेवर हात ठेवले. "म्हंजे माझं गिऱ्हाईक तोडलं, नि त्याच पैशाची आंबील करून मलाच पाजायला आनली?"

पास्कलने पुढे केलेला डबा मागे घेतला. सिस्टर पदर तोंडाला लावून हसत सुटली. "देवा रे! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

हसली म्हणून सुलूचा संशय गेला असं नाही, वाढला. पण आतून बन्सी कण्हला. गेले काही दिवस घरात एक वास यायला लागला होता, आणि तो कसला हे सुलूच्या नाकाला कोणी सांगायला नको होतं. ती दारातून बाजूला झाली.

सुलू आणि पास्कलने धरलं, सिस्टरने धुतलं. धुताना तिचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय?"

"देवाचं नाव."

"कुनाच्या देवाचं?"

"माझ्या."

"मग तुमच्या तोंडातच ठेवा. त्याच्या कानात नको."

"बरं," सिस्टर म्हणाली, आणि ओठ मिटून धुवायला लागली.

ती गेल्यावर सुलूने आंबील वाटीभर मांजराला घातली आणि मांजरासमोर बसून राहिली. मांजर चाटूनपुसून खाऊन उन्हात झोपलं. झोपलं की मेलं, हे बघायला तिने त्याची शेपटी ओढली. मांजराने बोचकारलं. मग उरलेली आंबील तिने बन्सीला भरवली.

डबा रिकामा परत करायची रीत आमच्याकडे नाही. रिकाम्या डब्यासोबत घरची बरकत जाते म्हणतात. पुढच्या गुरुवारी सुलूने त्यात सुका जवळा भरला. असं सुरू झालं. येताना आंबील, जाताना जवळा. बन्सीची पाठ कडेकडेने लाल धरायला लागली, चांगली लाल, कल्ल्यासारखी.

ही बातमी बन्सीच्या चुलतभावाला, शांतारामला लागली. शांताराम आळीचा पंच. बाहेरच ओट्यावर बसून म्हणाला, "वयनी, आज डबा, उद्या गळ्यात क्रूस. मासा आमिषाला येतो, गळ मागून दिसतो."

"मला शिकवता व्हय गळ? भावजी, गळ हाय कुठंतरी. मी पन शोधतेय. पन तवर पाठ कोन धुनार? तुमी येता?"

शांताराम एकदा आत आला. वास आला तसा नाकाला रुमाल लावून बाहेर गेला. पुन्हा बोलावलं तेव्हा त्याची मीटिंग होती. जाताना मात्र बजावून गेला, "ह्या लोकांचं येनं थांबलं नाय, तर नारळी पुनवेला आळीच्या नारळाला तुझ्या घरचा हात लागनार नाय."

सुलू त्या दिवशी जेवली नाही. बन्सीच्या बापापासून दर्याला वाहायचा तो नारळ त्यांच्या घरातून जात होता. एका बाजूला नारळ, एका बाजूला पाठ. तिने ठरवलं, गळ शोधायचाच. सापडला की सिस्टरला हाकलायचं, आणि हाकलल्याचं आळीला ओरडून सांगायचं.

तिने माग काढला तो जवळ्याचा. ही सगळी माणसं मासे सोडून बसलेली, मग दर गुरुवारी डबाभर जवळा जातो कुठे? मनोरच्या बाजारात विकत असणार! तिने पास्कलला आडून विचारलं. तो म्हणाला, "सरावलीत एकाला देतो, शिवाजीकाकांना. शनिवारी त्यांच्याकडे असतो आम्ही."

शनिवारी सुलू टमटम करून सरावलीला. आधी चाळीच्या कोपऱ्यावर उभी राहून तिने सिस्टरला आत जाताना पाहिलं, मग न सांगता मागोमाग घुसली. पत्र्याची खोली. खाटेवर लातूरकडचा एक म्हातारा कामगार, कंबरेचं हाड मोडलेला, मागेपुढे कोणी नाही. कोपऱ्यात तिचाच जवळा. वाटीत थोडा शिजवलेला. तिने चिमूट तोंडात टाकली आणि थू करून बाहेर थुंकली.

"ही वाळू कुनी शिजवली?"

म्हातारा ओशाळला. "मीच, ताई. शेजारचं पोरगं स्टो पेटवून देतं. मला वाटलं, तुमच्याकडं असंच कचकच खात्यात."

"आमच्याकडे मानसं राहतात, खेकडे नाय! आधी चाळायचा, निवडायचा, मंग भाजायचा."

सिस्टर तेवढ्यात म्हणाली, "पास्कल कामावर अडकलाय. शेजारच्या पोराने खांदा धरलाय. सुलूबाय, कंबर धरतेस?"

झालं. सुलूला वाटलं, हा गळ. हात मागतायत. तिने कंबर धरली खरी, पण डोळे सिस्टरवर. भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर होतं, जुनं, हललेलं नव्हतं. क्रूस कुठे दिसला नाही. तिने खाटेखालीसुद्धा वाकून बघितलं.

जाताना तिला दुसरंच भय लागलं. "तुमचा उपासकाळ कधी संपतो?"

"ईस्टरला. पुढच्या रविवारी."

"आनि मंग? मासेमारीची बंदी उठली की सगळे होड्या घेऊन पळतात, तसं तुमचं? उपास संपला, दानधर्म संपला, बन्सी पुन्हा सडत पडला?"

सिस्टर म्हणाली, "येऊ ना आम्ही."

"येऊ म्हनायला आळी पन म्हनत होती." सुलूने पदर खोचला. तोंडी मायेवर तिचा विश्वास नव्हता, सौद्यावर होता. "हे बघा. शनिवारी मी इकडे धरनार, ह्याचा जवळा पन मीच करनार. गुरुवारी तुमी तिकडे. तुमी चुकलात की मी पन चुकले. देवाबिवाचं मधी काय नाय."

सिस्टरने हात पुसले. "एकमेकांची ओझी उचला, चर्चमध्ये आम्ही लोकांना हेच सांगून घसा कोरडा करतो. तू तर भाव करून घेतलास."

"फसवलंत तर बघा."

ईस्टर झाला. सोमवारी सिस्टर घरच्यासाठी पापलेट घ्यायला बाजारात आली, सुलूने भाव चढवून लावला. "इतके दिवस उपाशी, आता द्या." सिस्टरने दिला. कुरकुरत.

पण खरी परीक्षा गुरुवारची. सुलू सकाळपासून उंबऱ्यात. ऊन ओटा चढून आलं तरी कोणी नाही. आला तो शांताराम. "घालनार होते ना गळ्यात क्रूस? बघायला आलो." तो बसतोय तोच रिक्षातून सिस्टर उतरली, एकटीच. पास्कलला दुसरी पाळी. हातात डबा, वरून ईस्टरचा केक.

"उशीर," सुलू म्हणाली.

"रिक्षा बंद पडली. धरायला कोण?"

सुलूने शांतारामकडे पाहिलं. "नजर ठेवायला आलात ना, भावजी? मंग आतून ठेवा. बाहेरून काय दिसनार? कंबरेखाली हात घाला."

"मी कशाला..."

"मी धुताना ही बाय त्याच्या कानात काय सांगत असली तर? पंच तुमी. ऐकायला नको?"

शांताराम आत गेला. रुमाल काढायला हातच मोकळे नव्हते. आज सुलूने धुतलं, सिस्टरने धरलं. वासही आता उरला नव्हता फारसा. पाठीवर नवी कातडी आली होती, फक्त मधे रुपयाएवढं ओलं. शांतारामने ते पाहिलं, आणि बन्सीला नीट घट्ट धरलं. बन्सीने डोळे फिरवून चुलतभावाला ओळखलं आणि उरलेल्या शब्दांतला शिवीचा शब्द स्वच्छ उच्चारला.

नारळाचं शांताराम काही बोलला नाही. हात धुऊन म्हणाला, "पुढच्या गुरुवारी येतो. लक्ष ठेवायला पाहिजे ह्यांच्यावर."

"पाहिजेच," सुलू म्हणाली. "मी पन सरावलीला त्यासाठीच जाते."

सिस्टरने केकचा तुकडा त्याच्यापुढे धरला. शांतारामने घेतला, उलटा केला, वास घेतला आणि सुलूकडे बघितलं.

सुलूने पायाशी बसलेल्या मांजराकडे बोट दाखवलं. "आधी त्याला घाला."