दुसरा फोटो

"काहून गा डॉक्टर, सोताचा जबडा कधी चाचपून पाहिला काय?" असं म्हणत बाई आपल्या ओठाच्या खाली, हाडावर अंगठा दाबून दाखवायच्या. नागपूरच्या आमच्या डेंटल कॉलेजात त्या एक्स-रे काढायच्या. नोकरी ठेक्यावरची, येणं-जाणं रोज कन्हानहून बसने. आम्ही शरीररचनेत मार्क मिळवलेले, पण हाडं कळायची ती बाईंना.

नवा इंटर्न फिल्म उलटी धरणार, हे त्या चेहऱ्यावरूनच ओळखायच्या. मी तर दोनदा धरली. "असू दे, पेशंट तर उलटा नाई टांगला," एवढंच म्हणाल्या.

मग सावनेरचा एक खाण कामगार आला. फोटोत त्याच्या खालच्या उपदाढेच्या मुळाशी काळा डाग दिसला. मी ऐटीत लिहिलं: पू झालाय, दात काढावा. आमच्या विभागाच्या सरांनी घाईत सही ठोकली. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही सहीवर विश्वास ठेवला असता. बाईंनी मात्र कागद सोडला नाही.

"हा रोग नाई. नस बाहेर निघते ते भोक होय. सगळ्याइलेच असते, तुले बी हाय."

सर तडकले. "तुमचं काम फोटो काढायचं."

"मंग काढते ना सर, अजून एक."

त्यांनी एक्स-रेची नळी जरा सरकवून दुसरा फोटो काढला. डाग मुळापासून बाजूला गेला होता. रोग असता तर मुळाला चिकटून राहिला असता. दुखणं निघालं मागच्या किडक्या दाढेचं. एका माणसाचा धडधाकट दात मी काढायला निघालो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवसांत बाईंना मेमो आला: मर्यादा सोडून बोललात, माफी लिहून द्या.

"माफी कायची? दात वाचवला त्याची?" त्यांनी कोऱ्या कागदावर दोन्ही फोटो चिकटवले आणि खाली नुसती सही केली.

मी कागद ओढून त्याखाली लिहिलं, चूक माझी होती.

"तुले त्रास देतीन ना बाबू."

"देऊ द्या."

महिनाअखेरीस बाईंना कामावरून कमी केलं. कॉलेजचा तेव्हा आलेला राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माझी इंटर्नशिप महिनाभर वाढवली, तर तो महिना मी एक्स-रेच्या खोलीतच मागून घेतला. बाई नव्हत्या. मुळाशी काळा डाग दिसला की मी नळी सरकवायचो. सर दारात उभे राहून घाई करायचे. दुसरा फोटो पाहिल्याशिवाय सहीचा कागद मी त्यांच्या हातात दिला नाही.