पंपावरून मिस कॉल

वाळवंटाच्या सौंदर्याबद्दल बोलणारी माणसं भेटली की माझं डोकं फिरतं. चार दिवसांसाठी आलेले पाहुणे वाळूच्या टेकड्यांचे फोटो काढतात, सूर्यास्ताला हात जोडतात आणि परत जातात. मस्कतहून सलालाला जाणाऱ्या रस्त्यावर टेकड्याबिकड्या काही नाहीत. सपाट, खडबडीत, भुरकट जमीन. तासन् तास तेच. नजर अडकावी असं काही नाही, म्हणून डोळा पेंगतो. उन्हाळ्यात समोर सगळीकडे पाणी दिसतं आणि ते कधीच जवळ येत नाही. या रस्त्यावर मला एकच गोष्ट सुंदर वाटत आली आहे, ती म्हणजे पेट्रोल पंप.

कोल्ड रूमचे कॉम्प्रेसर दुरुस्त करणं हा माझा धंदा. कंपनीचं गोदाम मस्कतजवळ रुसैलला, बिऱ्हाड तिथेच अल खौदला, आणि बिघडणारे कॉम्प्रेसर मात्र नेहमी दुसऱ्या टोकाला, सलालाच्या मासळीच्या गोदामात. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी अवजारं आणि गॅसचे सिलिंडर पिकअपमध्ये टाकून हा रस्ता तुडवणं आलंच. आदम सोडलं की गावं संपतात. मग घाबा, हैमा, घफ्तैन, कित्बित, थुमरैत. नकाशावर ही गावांसारखी दिसतात, पण त्यातल्या काहींत पंप, मशीद, एक हॉटेल आणि टायरवाला याखेरीज फारसं काही नाही. दोन पंपांच्या मध्ये काहीच नाही. फोनची रेंजसुद्धा पंपाच्या आसपास येते आणि पंप मागे पडला की थोड्या वेळात जाते.

हे सगळं मी पहिल्या फेरीच्या आधी फोनवर आईला फुशारकीने सांगितलं होतं. ती आमच्या गावी, सिंधुदुर्गात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पेट्रोल संपला तर?"

"तर उंट बांधतलंय गाडयेक," मी म्हणालो.

ती हसली नाही. आमच्या आईला विनोद कळत नसे असं नाही, उलट चेष्टा करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण पोटच्या पोराच्या बाबतीत चेष्टा चालत नसे. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. रात्रभर विचार करून तिने नियम तयार केले होते. "पंप दिसलो काय थांबूचा. टाकी भरलेली असली तरी भरून घेवची. आणि थयसून माका मिस कॉल देवचो. मी उचलूचंय नाय. वाजलो की माका कळला, तू पंपावर असस."

तिला परदेशातून येणारा कॉल उचलणं म्हणजे उधळपट्टी वाटायची, आणि मलाही पंपावर उभं राहून गप्पा मारायच्या नव्हत्या. व्यवस्था दोघांना पटली. मग ती वर्षानुवर्षं चालली. फोन स्वस्त झाले, माझ्या मुलीने आजीला व्हिडिओ कॉल करायला शिकवलं, तरी पंपावरून मिस कॉलच. व्हिडिओवर मुलगी "आजी, तू कशी आहे?" एवढं विचारून पुढे मराठी शोधत राहायची आणि आई तिच्याशी खुणांनी बोलायची. ते वेगळं. पंपावरच्या मिस कॉलची जागा त्याने घेतली नाही.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. कणकवली, कसाल, ओरोस, कुडाळ हे त्यांच्या तोंडात असं बसलेलं की निवृत्तीनंतरही झोपेत थांबे पुकारायचे. आईनेही तसेच माझे पंप पाठ करून टाकले. फोन वाजला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "हैमा इला!" आणि ओसरीवर बसलेले वडील ऐकून घ्यायचे. स्वतः ते फोनला हात लावत नसत. त्यांना त्या वस्तूचा राग होता, काच असलेली डबी कानाला लावून माणसं एकटीच का बडबडतात, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मी सुट्टीवर गेलो की आई त्यांची नक्कल करायची. "एवढी वर्सां तिकिटां फाडल्यानी, पण एक बटण दाबूक जमणा नाय."

जाताना पहिला मिस कॉल आदमहून आणि येताना शेवटचाही आदमहूनच. आदमच्या पुढे मस्कतपर्यंत गावं आहेत, पंप आहेत, माणसं आहेत. तिथून पुढची काळजी तिने कधी केली नाही. येताना आदमचा फोन वाजला की तिच्या हिशोबी मी घरी पोचलो.

पंपावरची पोरं मला ओळखायला लागली होती. गाडी थांबली की नोझल हातात घेऊन विचारायची, "फुल?" आणि दोन मिनिटांत नोझल खट्कन बंद पडला की वैतागायची. हैमाच्या पंपावरचा एक बंगाली एकदा म्हणाला, "भाई, टंकी तो भरा हुआ था. क्यों रुकता है?"

"माँ का ऑर्डर है," मी म्हटलं. त्यानंतर तो मला बघून नोझल उचलण्याआधीच हसायचा.

त्या वर्षी खरीफ, म्हणजे सलालाचा पावसाळा, जोरात होता. सलालाच्या डोंगरांवर पावसाळी धुकं उतरतं आणि ते बघायला सगळ्या आखातातून गाड्या लोटतात. मी तिथे मासळीच्या गोदामात कॉम्प्रेसर उघडून बसलो होतो तेव्हा बहिणीचा फोन आला. आई काही महिने आजारी होती, हॉस्पिटलच्या खेपा चालू होत्या, गणपतीला मी जाणारच होतो. बहीण सासरहून येऊन तिच्याजवळ राहिली होती. तिचा आवाज ऐकूनच मी हातातला पाना खाली ठेवला.

"दादा, डॉक्टरान घराक न्हेवक सांगितल्यान," ती म्हणाली. "तू ये. आता ये."

सलालातून सुटणारी सगळी विमानं पर्यटकांनी भरलेली. मस्कतहून गोव्याच्या रात्रीच्या विमानात बायकोने जागा मिळवली आणि म्हणाली, मी पासपोर्ट आणि बॅग घेऊन थेट विमानतळावर येते, तू फक्त पोच. अर्बाब, म्हणजे माझा मालक, भला माणूस. त्याने फोनवर "यल्ला, रूह" म्हटलं, म्हणजे चल, जा; कामाचं विचारलंही नाही. उरला होता फक्त तो रस्ता. सकाळी उजाडताना निघालो तर रात्रीचं विमान सहज मिळणार होतं. प्रश्न विमानाचा नव्हता.

निघण्याआधी बहिणीला फोन केला. आई बोलत नव्हती, खात नव्हती, पण माझं नाव घेतलं की डोळे उघडत होती. बहीण म्हणाली, "वाटेत मिस कॉल देत ऱ्हव. फोन तिच्या उशाकडे ठेवलंय. कोणीच उचलूचा नाय. वाजलो काय तिका कळता."

मी हो म्हटलं. गाडीत बसल्यावर त्याचा पुरता अर्थ माझ्या डोक्यात शिरला. फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही, म्हणजे आई ऐकते आहे. उचलला गेला, म्हणजे नाही.

धुक्यातून डोंगर चढून थुमरैतला उतरलो. वर निरभ्र, खाली कोरडं, नेहमीसारखं. पंपावर गाडी लावली, टाकी भरायला सांगितली आणि फोन लावला. एक, दोन, तीन. रिंग वाजत राहिली. मी ती पूर्ण वाजू दिली. एरवी दोनदा वाजली की कापत असे. त्या दिवशी ती आपोआप बंद पडेपर्यंत कानाला लावून उभा राहिलो आणि बंद पडल्यावर मला इतका आनंद झाला की त्या पोराला मी उगाचच थँक्यू थँक्यू म्हणत सुटलो.

कित्बितलाही तसंच. रिंग पूर्ण वाजली, फोन कोणी उचलला नाही.

पुढच्या एका पंपावर गाड्यांची रांग लागली होती. खरीफला निघालेली कुटुंबं, गाड्यांच्या सावलीत चटया अंथरून बसलेल्या बायका, पाण्याच्या बाटल्या. पंपावरचा माणूस रस्त्यातच येऊन हात हलवत होता. "पेट्रोल खलास! टँकर आएगा, इन्शाल्ला. वेट करो."

"पेट्रोल नको मला," मी मराठीतच म्हणालो. मग हिंदीत सांगितलं, "सिर्फ फोन करना है."

त्याने मला वेड्यात काढलं असणार. माझी टाकी जवळजवळ भरलेली होती, आईच्याच हुकुमामुळे, आणि मी सरळ हैमा गाठू शकत होतो. पण पंप म्हणजे पंप. ती तिथे उशाशी फोन घेऊन या पंपाची वाट बघत असणार, आणि इथे पेट्रोल आहे की नाही याच्याशी तिला काय करायचंय? बंद मशीनला टेकून मी नंबर लावला. वाजत राहिला. चटईवरची एक म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने खजुराची पुडी पुढे केली. मी एक घेतला, छातीवर हात ठेवला आणि निघालो. खजूर किती तरी वेळ तोंडात तसाच होता.

हैमाला बंगाली होता. मला बघून हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "माँ का ऑर्डर?" त्याने विचारलं. मी मान हलवली. रिंग वाजली, वाजत राहिली, बंद झाली.

खरं सांगतो, मला तो रस्ता त्या दिवशी संपायला नको होता. विमान गाठायचं होतं, तिच्यापर्यंत पोचायचं होतं, तरीही. पंप दिसण्याची ज्या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं वाट बघितली, तिथे आता लांबून पंपाचा फलक दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जायचा. दोन पंपांच्या मधला रेंज नसलेला तुकडा बरा वाटायचा. तिथे मला कोणी काही कळवू शकत नव्हतं. तिथे आई होतीच.

घाबाला फोन वाजत राहिला. मी गाडीतच बसून ऐकला. बंद झाल्यावर मोठ्याने म्हणालो, "चल, आता एकच." आईलाच म्हणालो. आदमचा मिस कॉल गेला की मी घरी पोचलो, असा तिचा हिशोब होता. आदमपर्यंत ती राहिली, तर पुढे विमान, गोवा, तिथून गाडी, सगळं जमून येईल असं मला वाटायला लागलं. का, ते विचारू नका. अशा वेळी माणूस कशालाही धरतो.

आदमला ऊन कलतं झालं होतं. पंपावर मेंढ्यांनी भरलेला एक पिकअप उभा होता. मी त्याच्या मागे गाडी लावली, खाली उतरलो, फोन लावला.

पहिली रिंग. दुसरी. तिसऱ्या रिंगला ती तुटली आणि पलीकडे घराचा आवाज आला. भांड्याचा कुठेतरी आवाज, बायकांची कुजबुज. कोणीतरी फोन धरून उभं होतं.

मी बहिणीला हाक मारली. ती नव्हती.

"आदम इला?" वडिलांनी विचारलं.

त्यांचा आवाज फोनवर कसा येतो, हे मला माहीत नव्हतं. जन्मात पहिल्यांदाच ऐकत होतो. "होय, बाबा," मी म्हणालो.

फोन त्यांनी कानापासून लांब धरला असावा, श्वास जवळ यायचा आणि जायचा.

"घाबा आयकल्यान," ते म्हणाले. "नाव घेतल्यान, घाबा म्हणान. कालपासून पयल्यांदाच बोलली. मगे माका इचारल्यान, फुडे खयचा. मी म्हटलंय, आदम."

मेंढ्या ओरडत होत्या. कोणीतरी मागून हॉर्न दिला.

"आता आयकणारा कोण नाय," वडील म्हणाले. "म्हणान उचललंय."

मग कंडक्टरच्या त्या जुन्या, थांबे पुकारणाऱ्या आवाजात, जरासं चढून, जणू मी आदमहून फोनशिवायही ऐकणार होतो, ते म्हणाले, "टाकी भरून घे. सावकाश ये. आता घाय नाय."

फोन त्यांना बंद करता आला नाही. तो तसाच चालू राहिला, मी बहिणीचं रडणं ऐकत होतो आणि कोणीतरी "उशाकडे ठेवूक दिवो खय असा" म्हणून विचारत होतं. शेवटी मीच बंद केला.

समोरचा पिकअप निघून गेला होता. पोरगा नोझल घेऊन माझ्या गाडीपाशी उभा होता.

"फुल?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. टाकीत फारसं काही मावलं नाही, पण भरून घेतली.