डावखुऱ्याचा आठवडा
टेनिस बॉलचा नवा डबा उघडला की कोंडलेला रबराचा वास फस्सकन बाहेर येतो, आणि देशाच्या टीमबरोबर काढलेला तो एकच आठवडा मला आठवतो. समोरच्या देशाचा पहिल्या नंबरचा खेळाडू डावखुरा होता, म्हणून सरावासाठी परळहून मला, दुसऱ्या डावखुऱ्याला, बोलावलं होतं. कॅप्टन म्हणाले, "त्याचे व्हिडिओ बघ. आठवडाभर तू म्हणजे तो." मग मी त्याच्यासारखा बॉल डोक्यामागे उंच फेकू लागलो, सर्व्हिसआधी बाहीने कपाळ पुसू लागलो. आमचे खेळाडू आधी चुकायचे, पुढे माझी प्रत्येक सर्व्हिस सणसणीत परतवू लागले, आणि कॅप्टन त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायचे. रविवारी आपण जिंकलो. टीम कोर्टवर एकमेकांच्या गळ्यात पडली होती. मी वर प्रेक्षकांत होतो. खाली तो हरलेला डावखुरा एकटाच बॅग भरत होता, आणि तेवढाच मला ओळखीचा वाटला. संध्याकाळी भोईवाड्यातून आईचा फोन आला. "सगळा मजला आपल्या खोलीत टीव्हीवर मॅच बघायला जमलेला रे. तू कुठे होतास? दिसलास नाय." मी म्हटलं, "होतो गं तिथेच." आता दादरला मुलांना शिकवतो. काल सर्व्हिस करून दाखवताना हात आपसूक कपाळाकडे गेला. मुलांना म्हटलं, हे करू नका, ही माझी सवय नाही. मग माझी स्वतःची सर्व्हिस करून दाखवायला बॉल हातात घेतला, आणि ती कशी होती ते काही केल्या आठवेना.